गोडे, नितळ आणि शुद्ध : घरगुती जलशोधनाच्या इतिहासातील एक अर्थसंक्रमण

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंब नवे घर मांडते, तेव्हा शेगडी व शीतकपाट यांच्या जोडीला स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक जलशोधक यंत्र बसविण्याचा प्रघात गेल्या पंचवीस वर्षांत पडला आहे. या यंत्रास सर्वत्र ‘आरओ’ म्हणतात. या दोन अक्षरांचा विस्तार ठाऊक असलेली माणसे थोडी आणि त्या विस्ताराचा अर्थ जाणणारी त्याहून थोडी. यंत्र निवडताना टाकी किती लिटरांची, टप्पे किती, वार्षिक देखभालीचा खर्च किती, या गोष्टींची कसून चौकशी होते. परंतु आपल्या घरी येणाऱ्या पाण्यात नेमका दोष कोणता, हा जो पहिला प्रश्न तो बहुधा विचारलाच जात नाही. असे का व्हावे, याचे उत्तर केवळ व्यापाराच्या इतिहासात सापडत नाही. ते काही अंशी शब्दांच्या इतिहासात शोधावे लागते. पाण्याच्या गुणदोषांविषयी मराठीत निरनिराळे शब्द होते व ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. त्या सर्वांची जागा ‘शुद्ध’ या एकाच शब्दाने घेतली आणि प्रश्नांतील भेद पुसट झाला. या संक्रमणाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मराठी माणसाने पाण्याची पारख प्रथम जिभेने केली. ‘गोडे’, ‘मचूळ’ आणि ‘खारे’ ही त्या पारखेची चढती श्रेणी होय. गोडे पाणी म्हणजे साखरेसारखे गोड पाणी नव्हे. ज्यास खारटपणा नाही ते गोडे, असा हा अभावात्मक अर्थ आहे. (हिंदीत अशा पाण्याला ‘मीठा पानी’ म्हणतात. त्या ‘मीठा’चे मूळ जे संस्कृत ‘मिष्ट’, त्यापासूनच मराठीचे ‘मीठ’ आले. एकाच शब्दाने एका भाषेत खारटपणाचा अभाव आणि शेजारच्या भाषेत प्रत्यक्ष लवण दाखवावे, ही अर्थपरिवर्तनाची मौज सहज नोंदण्याजोगी आहे.) दुसरी पारख डोळ्यांची. तिचे शब्द ‘गढूळ’ आणि ‘नितळ’. तिसरी चुलीची व पोटाची : ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही ते ‘जड’, शिजते ते ‘हलके’. चौथा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे. पाणी जिभेला गोडे लागते, डोळ्यांना नितळ दिसते, डाळही शिजते. तरी माणूस आजारी पडतो. अशा वेळी मराठीत ‘पाणी लागले’ किंवा ‘पाणी बाधले’ असे म्हणतात. येथे विशेषण नाही, क्रियापद आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जो दोष इंद्रियांना आधी कळत नाही, परिणामावरूनच उमगतो, त्याला भाषेने गुणवाचक नाव दिले नाही; केवळ घडून गेलेल्या घटनेचे वर्णन केले. सूक्ष्मजंतूंचे ज्ञान होण्यापूर्वी याहून अधिक काटेकोर बोलणे शक्य नव्हते.

ज्या त्या दोषावर जो तो उपाय होता. गढूळ पाण्यावर निवळीचे बी उगाळून लावीत किंवा तुरटीचा खडा फिरवीत. ‘निवळी’ आणि ‘निवळणे’ हे दोन्ही शब्द ‘निर्मल’पासून आलेले आहेत. या झाडाचे संस्कृत नाव कतक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत कतकाचे नाव पहिले आहे आणि वस्त्राचाही समावेश आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर कतकाचा दृष्टान्त वेगळ्याच हेतूने आला आहे : कतकाच्या फळाने पाणी निवळते हे खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने काही पाणी निवळत नाही. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात या दृष्टान्ताची पुढे पुन्हा आठवण होण्याचा संभव आहे.

फडक्याने पाणी गाळण्याची चाल आपण क्षुल्लक समजतो. तिचे सामर्थ्य मात्र अगदी अलीकडच्या काळात सिद्ध झाले. नारूचा रोग ज्या राज्यांत ठाण मांडून होता त्यांत महाराष्ट्र एक होता. पायऱ्यांच्या विहिरींत माणसे पाय बुडवून पाणी भरीत, रुग्णाच्या जखमेतून अळ्या पाण्यात सुटत आणि सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात वाढत. हा जीव बारीक विणीच्या कापडातून पार होत नाही. १९८० नंतरच्या दशकात हाती घेतलेल्या राष्ट्रीय मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बुजविणे वा बदलणे, रुग्णांचा शोध, पाण्यात औषध टाकणे आणि घरोघरी कापडाने पाणी गाळणे असे उपाय योजले गेले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. दोष नेमका ओळखला की उपाय किती साधा असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण सांगणे कठीण आहे.

‘शुद्ध’ हा शब्द या सर्व मालिकेच्या बाहेरचा. तो पाण्याच्या अंगच्या गुणाचा वाचक नव्हता. पाण्याला कोणी स्पर्श केला, ते कोणत्या भांड्यातून आले, यांचा वाचक होता. शहरांत नळ आले तेव्हा तोटीतील चामड्याच्या चकतीमुळे सोवळ्याच्या कामी ते पाणी वर्ज्य मानणारी कुटुंबे होती. ती विहिरीचेच पाणी वापरीत. विहीर उघडी असो, तीत पालापाचोळा पडो, ते पाणी शुद्ध. आणि गाळून आलेले नळाचे पाणी अशुद्ध. या अर्थाचे अत्यंत दाहक उदाहरण महाड येथे घडले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहस्रावधी अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तेथील सनातनी मंडळींनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने या विधीने पाण्यात भर पडली ती सेंद्रिय मलाचीच. तळे सार्वजनिक असून अस्पृश्य गणल्या गेलेल्यांनाही तेथे हक्क आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाकडून मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. ‘शुद्ध’ या शब्दाने एकेकाळी मराठी समाजात काय काम केले, हे विसरून त्याचा आजचा वापर समजून घेता येणार नाही.

दरम्यान पाण्याची जबाबदारी घराकडून नगराकडे जात होती. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून नळाने आणलेले पाणी हौदांत खेळविले गेले. मुंबईत विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पुरे झाले. पुढे तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) यांची भर पडली. त्याच अर्धशतकात युरोपात ‘पाणी लागणे’ या क्रियापदाचा कर्ता सापडला. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ मध्ये पटकीचा संबंध एका हातपंपाच्या पाण्याशी जोडून दाखविला, आणि रॉबर्ट कॉख याने १८८४ च्या आरंभी कलकत्त्याच्या वास्तव्यात पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी येथे नगराच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास प्रारंभ झाला. विसाव्या शतकात हीच पद्धत जगभर रुळली. घरात उरले ते पाणी उकळणे आणि फार तर मेणबत्तीच्या आकाराची सच्छिद्र चिनी मातीची गाळणी.

येथवर ज्या उपायांचा उल्लेख झाला, त्यांपैकी एकानेही खारे पाणी गोडे होत नाही. फडके, निवळी, तुरटी, उकळी, क्लोरीन यांपैकी कशानेही विरघळलेले मीठ निघत नाही. उकळल्याने पाणी आटून ते उलट थोडे वाढतेच. ऊर्ध्वपातन हा एक मार्ग होता, परंतु त्याला इंधन अपार लागते. या एका जुन्या आणि हट्टी प्रश्नाचे उत्तर म्हणून व्यस्त तर्षणाची क्रिया पुढे आली.

‘तर्षण’ हा पारिभाषिक शब्द मराठीत विचारपूर्वक घडविलेला आहे. १७४८ मध्ये फ्रान्समधील आबे नोले याने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधून ते पाण्यात बुडविले, तेव्हा पाणी पडद्यातून आत शिरून पडदा फुगला. पुढे १८२० नंतरच्या दशकात द्युत्रोशे याने या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १८५४ मध्ये टॉमस ग्रॅहम याने तिला जे नाव दिले ते ‘ढकलणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठी शब्दकारांनी मात्र ‘तृष्’ म्हणजे तहानणे हा धातू घेतला. ग्रीक नावात पाणी ढकलले जाते. मराठी नावात दाट द्रावणाला तहान लागते व ते पाणी ओढून घेते. चित्र म्हणून मराठी शब्द अधिक बोलका आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. व्यस्त तर्षण म्हणजे ही तहान उलटविणे : खाऱ्या पाण्यावर त्याच्या तर्षणदाबाहून अधिक दाब दिला की पाणी पडद्यातून उलट दिशेने जाते व मीठ मागे राहते. समुद्राच्या पाण्याचा हा तर्षणदाब वातावरणीय दाबाच्या पंचवीसपटींहून अधिक आहे. मचूळ पाण्याचा त्या मानाने अल्प. नोलेच्या प्रयोगातील पडदा प्राणिज होता, आणि नळाच्या चामडी चकतीला भिणाऱ्या घरांचे वंशज आज याच प्रयोगाच्या परंपरेतील पडद्याचे पाणी देवासमोर ठेवतात. इतिहासाला अशा गमती वर्ज्य नाहीत. आजचा पडदा अर्थात पूर्णपणे कृत्रिम आहे.

तत्त्व जुने असले तरी त्याचे यंत्र होण्यास दोनशे वर्षे लागली. १९५० नंतरच्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात रीड व ब्रेटन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा मीठ अडवितो हे दाखविले. परंतु त्यातून पाणी इतके मंद झिरपे की व्यवहारात त्याचा उपयोग नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास ही अडचण दूर केली. त्यांचा पडदा दोन्ही बाजूंनी सारखा नव्हता. एका पृष्ठावर अत्यंत पातळ व घट्ट थर, आणि त्याखाली त्याला आधार देणारा सच्छिद्र जाड थर, अशी त्याची घडण होती. मीठ अडविण्याचे काम पातळ थर करी आणि दाब सोसण्याचे काम जाड थर. पातळ थर खाऱ्या पाण्याकडे असेल तरच पडदा नीट चाले. यामुळे पाण्याचा प्रवाह पूर्वीच्या सुमारे दसपट झाला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा या लहान गावी पहिले सार्वजनिक संयंत्र उभे राहिले. तेथील भूजल इतके मचूळ होते की गावाला पिण्याचे पाणी पूर्वी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे. पुढील दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा संयुक्त पडदा सिद्ध केला व कमी दाबावर काम होऊ लागले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मावणारे यंत्र त्यामुळेच शक्य झाले. भारतात भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हे तंत्र मचूळ पाण्याच्या खेड्यांसाठी विकसित केले. कोलिंगा असो वा सौराष्ट्रातील खेडे, या यंत्राला विचारलेला प्रश्न एकच होता : पाणी खारे आहे, ते गोडे करता येईल काय?

भारतीय शहरांतील घरांत ते शिरले ते मात्र निराळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. १९८० नंतरच्या दशकात अतिनील किरणांनी जंतू मारणारी यंत्रे दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी लोकप्रिय केली होती. त्यांचा प्रश्न जंतूंचा, म्हणजे ‘पाणी लागण्या’चा होता आणि तो शहरात रास्तही होता. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व्यस्त तर्षणाची घरगुती यंत्रे बाजारात आली, तेव्हा ती याच यंत्रांची सुधारलेली आवृत्ती म्हणून विकली गेली. दोहोंना जोडणारा शब्द ‘शुद्ध’. जुन्या शुद्धाशुद्धविवेकाचे भावनिक वजन त्याला लाभलेलेच होते. दिसत नाही, चव लागत नाही, पण जे घरात येऊ देता कामा नये, असे काहीतरी पाण्यात आहे, ही भीती शब्दासोबत आयती आली.

तिला आकडा पुरविला टीडीएस या परिमाणाने. विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे हे माप. एका लिटरमध्ये इतके मिलिग्रॅम असे ते सांगतात. विक्रेत्याच्या खिशातील लेखणीएवढे उपकरण वस्तुतः पाण्याची विद्युतवाहकता मोजते व तिला एका गुणकाने गुणून आकडा दाखविते. पटकीचे वा काविळीचे जंतू असलेल्या पाण्याचा आकडा त्यामुळे तसूभरही बदलत नाही. म्हणजे आकडा ‘गोडे-खारे’ या अक्षावरचा आणि धास्ती ‘पाणी लागण्या’ची, असा हा व्यत्यय आहे. याहून आक्षेपार्ह असे एक प्रात्यक्षिक काही वर्षे घराघरांत केले जाई. दोन पेल्यांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडीत. नळाचे पाणी तपकिरी होई व यंत्राचे पाणी स्वच्छ राही. तो रंग पाण्यातील मळाचा नसून झिजणाऱ्या लोखंडी कांडीचा असतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून तेथे कांडी झिजत नाही, इतकेच. पदवीधर कुटुंबांनी या खेळावर विश्वास ठेवावा, ही आपल्या विज्ञानशिक्षणाला भूषणावह गोष्ट नव्हे.

भारतीय मानक संस्थेच्या पेयजलमानकात (२०१२ ची आवृत्ती) विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून अन्य स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. मुंबईचे तलावांचे पाणी ५०० च्या पुष्कळच खाली असते. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने प्रमुख शहरांतील नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, त्यांत मुंबईचे दहाही नमुने सर्व कसोट्यांना उतरले. पडदा क्षारांचा नऊदशांश भाग अडवितो असे धरले, तर १५०० चे पाणी १५० वर येते आणि ते पिणाऱ्याला त्याचे मोल कळते. परंतु १०० चे पाणी १० वर आणून कोणता दोष गेला, हे सांगता येत नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम तेवढी गेली. ती परत घालण्यासाठी मग यंत्राला आणखी एक नळी जोडतात व तिची किंमत निराळी लावतात.

याच राज्यात दुसरे टोक आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या गाळाच्या प्रदेशात भूजल खारे आहे. लोकांनी त्या प्रदेशाला नावच ‘खारपाणपट्टा’ असे दिले. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइड अधिक आहे. त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम. ती दीर्घकाळ ओलांडली गेली की दातांवर डाग पडतात व पुढे हाडे ताठरतात. फ्लोराइडला जीभ ओळखत नाही, डोळा ओळखत नाही, आणि टीडीएसचा आकडाही ते वेगळे काढून दाखवीत नाही; त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणीच हवी. अशा ठिकाणी व्यस्त तर्षणाचे यंत्र ही चैन नसून गरज आहे. ज्या कुटुंबांना त्याची गरज सर्वाधिक, त्यांना ते विकत घेणे सर्वांत कठीण, आणि ज्यांना ते परवडते त्यांपैकी अनेकांच्या नळाला मुळात गोडे पाणी येते, ही या इतिहासातील विसंगती आहे.

तरीही नळाच्या पाण्यावर डोळे मिटून विसंबावे, असा याचा अर्थ होत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजी येथे दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. २०२५ च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आढळला आणि संशय पाण्याकडे वळला. त्या वेळी त्या भागात पाणी विकणाऱ्या खाजगी ‘आरओ’ केंद्रांपैकी काहींच्या पाण्यात ई-कोलाय सापडला व महापालिकेने अनेक केंद्रे बंद केली. यात गूढ काही नाही. पॉलिअमाइडचा पडदा क्लोरीनने खराब होतो, म्हणून पडद्यापूर्वी कोळशाच्या गाळणीत क्लोरीन काढून टाकावा लागतो. पडद्यातून निघालेले पाणी मग टाकीत साठते आणि तेथे त्याला राखणदार उरत नाही. टाकी धुतली नाही, गाळण्या वेळेवर बदलल्या नाहीत किंवा शेवटचा अतिनील दिवा विझला, की क्षारमुक्त पाणीही ‘लागते’. कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, हे मनुस्मृतिकाराने म्हटलेच होते.

एवढ्यावरून निवडीचा क्रम उघड होतो. पाणी तलावाचे वा नदीचे असून नगरपालिकेने शोधलेले असेल, तर प्रश्न जंतूंचा. त्याला उकळणे किंवा अतिनील दिवा पुरेसा, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ येत असल्यास आधी गाळणी. पाणी कूपनलिकेचे वा टँकरचे असेल, तर प्रथम तपासणी. क्षार, नायट्रेट वा फ्लोराइड मर्यादेबाहेर निघाल्यास व्यस्त तर्षण. इमारतीला निम्मे वर्ष नळाचे व निम्मे वर्ष टँकरचे पाणी मिळत असेल, तर तपासणी उन्हाळ्यातील पाण्याची करावी. जुन्या मराठीत बोलायचे तर, पाणी खारे आहे, गढूळ आहे की लागते आहे, हे आधी ठरवावे.

निवडीचा भार केवळ घरावर पडत नाही. सामान्य घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना सुमारे तीन लिटर टाकून देते. दिवसाला दहा लिटर पिण्याचे पाणी लागणारे कुटुंब म्हणजे महिन्याला नऊशे लिटर मोरीत सोडते. या कारणास्तव राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, जेथे विरघळलेले घन पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे या यंत्रांवर बंदी घालावी, असा आदेश पर्यावरण मंत्रालयास दिला. उत्पादकांनी त्यास विरोध केला. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये जलशोधन यंत्रांच्या वापराविषयीचे केंद्रीय नियम अधिसूचित झाले.

या टाकलेल्या पाण्याला मराठीत अजून स्थिर नाव मिळालेले नाही. घरात त्याला ‘आरओचे वेस्ट पाणी’ म्हणतात. मुंबई-पुण्यात ते बादलीत धरून लादी पुसण्यास वा भांडी विसळण्यास सहज वापरता येते, कारण मूळ पाणीच गोडे असते. खारपाणपट्ट्यात तसे नाही. तेथे उरणारे पाणी विहिरीच्या पाण्याहूनही खारे होते आणि ते अंगणातील झाडालाही घालता येत नाही.